भीमाच्या शंखाचं नाव

भीमाच्या शंखाचं नाव पौंड्र. युधिष्ठिराचा अनंतविजय, अर्जुनाचा देवदत्त, नकुलाचा सुघोष आणि सहदेवाचा मणिपुष्पक. हे मला अर्ध्या चड्डीच्या वयापासून पाठ आहे. पुढे नोकरीच्या मुलाखती झाल्या, लग्नाची बोलणी झाली, गृहकर्जासाठी बँकेत खेटे घालून झाले. पण नकुलाच्या शंखाची चौकशी कोणी केली नाही. सासरेबुवा तरी विचारतील असं वाटलं होतं. त्यांनी पगार विचारला.

हे सगळं माझ्या डोक्यात भरलं ते मामांनी. मे महिन्याच्या सुटीत मामा एसटीतून उतरायचे ते हातात एक बारीक पुस्तक घेऊनच. त्या काळी स्टँडवरच्या स्टॉलवर लिमलेटच्या गोळ्या आणि सामान्यज्ञानाची पुस्तकं एकाच फळीवर मांडलेली असत. मामा गोळ्या सोडून पुस्तक आणत, यातच त्यांचा स्वभाव आला. पाय धुऊन झाले की पहिला प्रश्न पडायचा. "सांग बघू, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर?" कळसूबाई, 1646 मीटर. "शाब्बास. माणसाच्या शरीरात हाडं किती?" 206. तेवढ्यात आतून मामीचा आवाज यायचा, "माझी सगळीच्या सगळी दुखतायत, मोजून घ्या."

मामी कधी प्रश्न विचारत नसे. पण तान्ह्या बाळाला तीनशेच्या आसपास हाडं असतात आणि वाढता वाढता ती एकमेकांत जुळत जाऊन 206 उरतात, हे मला तिनं सांगितलं. तेही माझ्या तान्ह्या बहिणीला तेल चोळता चोळता. मामांच्या पुस्तकात एवढं लिहायला जागा नव्हती. तिथं एका प्रश्नाला एक ओळ, आणि ती ओळ म्हणजे ब्रह्मवाक्य.

त्यातलं एक ब्रह्मवाक्य असं होतं की, चंद्रावरून पृथ्वीवरची एकच मानवनिर्मित गोष्ट दिसते, ती म्हणजे चीनची भिंत. माणूस चंद्रावर पोचण्याच्या कितीतरी आधीपासून हे छापलं जात होतं. कोणी पाहून आलं, हा प्रश्न पुस्तकात नव्हता. 2003 साली चीनचेच पहिले अंतराळवीर यांग लिवेई पृथ्वीभोवती फिरून आले आणि आपल्याला काही ती भिंत दिसली नाही, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. ते तर चंद्रावर नव्हे, अगदी उंबऱ्याशी होते. भिंत लांब आहे हे खरं, पण रुंदीला काही मीटरच. ती जर चंद्रावरून दिसत असेल, तर आपला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग तिच्याहून रुंद आहे. मग शनिवारी सकाळची खालापूर टोलनाक्याची रांगही दिसायला हवी. मामांनी यावर एवढंच म्हटलं, "त्या दिवशी ढग असतील."

प्लूटोच्या वेळी मात्र घरात तीन दिवस सुतक होतं. 24 ऑगस्ट 2006 ला प्रागमध्ये जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांनी पिवळी कार्डं वर करून मतदान केलं आणि प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रह केलं. मामांची उभी हयात पाटबंधारे खात्यात गेलेली. ते म्हणाले, "असं परस्पर काढता येत नाही. आधी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते." त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. प्लूटो सापडला 1930 साली. सूर्याभोवती एक फेरी पुरी करायला त्याला सुमारे 248 वर्षं लागतात. म्हणजे ग्रहपदावर बिचाऱ्याची एक फेरीही पुरी होऊ दिली नाही.

"पूजेतले नऊ आहेत ना जागेवर? मग झालं तर," मामी म्हणाली. तेही खरंच. नवग्रहांत प्लूटो कधी नव्हताच. त्या नवांत सूर्य म्हणजे तारा, चंद्र म्हणजे उपग्रह, आणि राहू-केतू म्हणजे चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते ते दोन बिंदू. ज्या पृथ्वीवर बसून आपण पूजा करतो, ती पृथ्वी त्यात नाही. पण प्रागमध्ये कोणी कितीही कार्डं उंचावली तरी तांदळाच्या पुंजक्यांची संख्या कमी होत नाही. पुराणातल्या ज्ञानाचा हा मोठा फायदा. ते नासत नाही.

बाकीचं नासतं. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला तेव्हा जिल्हे 26 होते. मामांनी ते पाठ केले आणि सुटकेचा श्वास टाकला, तोवर सिंधुदुर्ग आणि जालना आले, मागोमाग लातूर आणि गडचिरोली. असं करत करत 2014 ला पालघर आला आणि 36 झाले. मग संख्या थांबली आणि नावं बदलायला लागली. मामांच्या पुस्तकात समासातही जागा उरली नाही.

एव्हरेस्टची कथा त्याहून गमतीची. राधानाथ सिकदार यांच्या आकडेमोडीतून हे जगातलं सर्वांत उंच शिखर ठरलं. असं सांगतात, की उंची नेमकी 29,000 फूट भरली होती. एवढा गोल आकडा पाहून लोक म्हणतील, यांनी अंदाजे ठोकून दिलंय. म्हणून सर्व्हेअर जनरल अँड्र्यू वॉ यांनी पदरचे दोन फूट घालून 29,002 जाहीर केले. खरं वाटावं म्हणून थोडं खोटं बोलायची ही युक्ती आपल्याकडे प्रवासभत्त्याची बिलं भरताना अजून वापरतात. 1955 साली भारतीय सर्वेक्षण विभागानं 8848 मीटर हा आकडा दिला आणि आमच्या पिढीनं तो घोकला. 2005 साली चीननं माथ्यावरचा बर्फ वगळून 8844.43 सांगितले. शेवटी डिसेंबर 2020 मध्ये नेपाळ आणि चीन यांनी मिळून 8848.86 वर तडजोड केली. मामांनी पेन काढून 86 सेंटिमीटर वाढवले. मामीनं विचारलं, "बर्फासकट की सोलून?" मला विचाराल तर एव्हरेस्टबद्दल विचारण्यासारखा एवढा एकच प्रश्न आहे.

साहित्याची तर दैनाच. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात साहित्य म्हणजे जोड्या लावा. कुसुमाग्रज म्हणजे शिरवाडकर, केशवसुत म्हणजे दामले, बालकवी म्हणजे ठोंबरे, ग्रेस म्हणजे गोडघाटे. राम गणेश गडकरी कवितेला गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम आणि नाटकाला स्वतःचं नाव वापरत. एका माणसात तीन मार्कांची सोय. 'ययाती' कोणाची? खांडेकरांची. ज्ञानपीठ कधी? 1974. मराठीतला पहिला मान. पुढचा प्रश्न. ही कादंबरी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा अशी तिघांच्या तोंडून आपल्यापुढे येते आणि तिघंही आपापल्या जागी खरी वाटतात, हे समजायला ती वाचावी लागते. वाचायला बसलं तर जोड्या लावणार कधी? मामांनी 'ययाती' वाचली नव्हती. मामीची दोनदा झाली होती. बापानं मुलाकडे तारुण्य मागितलं या गोष्टीवर तिचं मत असं होतं, की बाप सगळे तसेच, हा निदान तोंडानं बोलला.

हे ज्ञान नुसतं वायाच जातं असं म्हणायची मात्र सोय राहिली नाही. 3 जुलै 2000 ला 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं, त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथेंनी एक कोटी रुपये जिंकले आणि आमच्या घरात पौंड्रला भाव आला. मामा रोज रात्री फोनशी झटत बसायचे. फोन काही लागला नाही. 2019 साली अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे यांनी एक कोटी जिंकले. त्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायच्या. मामी टीव्हीकडे बघत म्हणाली, "ती खिचडी करता करता वाचत होती. तुम्ही वाचता वाचता खिचडी मागता."

आता गणेशोत्सवातल्या प्रश्नमंजुषेबद्दल सांगायला हवं, कारण आमच्या सोसायटीत तिच्यामुळे एकदा आरतीला पाऊण तास उशीर झाला होता. परीक्षक अर्थातच मामा. प्रश्न साधा होता: भारतातला पहिला चित्रपट कोणता? 'अ' विंगनं घंटा वाजवली, "राजा हरिश्चंद्र!" मामा दहा गुण देणार, एवढ्यात 'ब' विंगमधले एक गृहस्थ उठले. "हरकत! तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' 18 मे 1912 ला लागला. हरिश्चंद्र 3 मे 1913 ला. जवळजवळ वर्षभर नंतर!" 'अ' विंग म्हणाली, पुंडलिक म्हणजे चाललेल्या नाटकासमोर कॅमेरा ठेवून केलेलं चित्रण, त्याला चित्रपट म्हणायचं का? 'ब' विंग म्हणाली, मग तुमच्या मुलाच्या मुंजीची सीडी दोन तास आम्हाला काय म्हणून दाखवलीत? एकानं सांगितलं की दोन्ही चित्रपट गिरगावातल्या कॉरोनेशनमध्येच लागले होते. यानं भांडण मिटायला काहीच कारण नव्हतं आणि मिटलंही नाही. मामा पुस्तक छातीशी धरून म्हणाले, "इथं हरिश्चंद्र छापलंय."

तेवढ्यात मागच्या खुर्च्यांमधून, दुर्वांच्या जुड्या बांधता बांधता, मामी बोलली. "अहो, तारामतीचं काम कोणी केलं ते विचारा की." कोणालाच माहीत नव्हतं. मग तिनंच सांगितलं. सिनेमात काम करायला एकही बाई मिळेना, तेव्हा फाळके ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात चहा प्यायला गेले आणि तिथला नाजूक बांध्याचा आचारी त्यांच्या डोळ्यांत भरला. अण्णा साळुंके त्याचं नाव. दहा रुपयांचा पगार पंधरा करून त्याला तारामती केलं. पुढे 1917 साली 'लंकादहन' काढलं, त्यात राम साळुंके आणि सीताही साळुंकेच. आणि सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोकं पाडायच्या, रसायनं कालवायच्या आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या. "त्यांचं नाव येतं का हो तुमच्या पुस्तकात?" मामी म्हणाली. दोन्ही विंगा खुर्च्या वळवून बसल्या. गुण कोणाला मिळाले, हे मला आजतागायत माहीत नाही. मामांनी तेवढी नोंद केली: प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा.

अभ्यासक्रमाबाहेरचं विचारणारा आपल्याकडचा पहिला परीक्षक म्हणजे वनपर्वाच्या अखेरीस तळ्याकाठी भेटणारा यक्ष. नकुल, सहदेव, अर्जुन, भीम एकामागोमाग पाण्याला गेले, प्रश्नांना न जुमानता पाणी प्यायले आणि तिथंच कोसळले. पौंड्राचा खुद्द मालक समोर उभा होता! शंखाचं नाव विचारलं असतं तर भीम हमखास वाचला असता. पण यक्षाचे प्रश्न कुठल्याच पुस्तकात न बसणारे: वाऱ्याहून वेगवान काय, गवताहून दाट काय. युधिष्ठिरानं मन आणि चिंता अशी उत्तरं दिली. इतकं होऊनही खरी परीक्षा शेवटीच झाली. एकच भाऊ जिवंत होईल, कोणता हवा? युधिष्ठिरानं अर्जुन मागितला नाही, भीम मागितला नाही; कुंतीचा एक मुलगा आपण आहोतच, म्हणून माद्रीचा नकुल मागितला. या प्रश्नाला चार पर्याय होते, आणि 'फोन अ फ्रेंड' करायला कोणी उरलं नव्हतं.

मामांना हे पटत नाही. महाभारतात त्यांना आवडतात ते आकडे. त्यांच्यापाशी एक चीज आहे, तीही मी उगाच झाकून ठेवत नाही. एका अक्षौहिणीत 21,870 रथ, 21,870 हत्ती, 65,610 घोडे आणि 1,09,350 पायदळ. कोणत्याही आकड्यातल्या अंकांची बेरीज करा, 18 येते. अक्षौहिणी 18, युद्धाचे दिवस 18, पर्वं 18, गीतेचे अध्याय 18. हे सांगताना मामांचा चेहरा असा उजळतो, की त्या क्षणी त्यांना जिल्हे विचारू नयेत.

माझी तक्रार प्रश्नांबद्दल नाहीच, प्रश्न उत्तराशी येऊन थांबतो त्याबद्दल आहे. लोणारचंच पाहा. "लोणार सरोवर कोणत्या जिल्ह्यात?" बुलढाणा. टाळ्या. आणि हे सरोवर म्हणजे बेसॉल्टच्या खडकावर उल्का आदळून पडलेलं, जवळजवळ पावणेदोन किलोमीटर व्यासाचं विवर! पुराणाला विचाराल तर इथं लवणासुर राहत होता आणि विष्णूनं दैत्यसूदन होऊन त्याला मारलं. दैत्यसूदनाचं देऊळ गावात आजही उभं आहे. पाणी इतकं खारं नि क्षारयुक्त, की कथा म्हणते हे त्या राक्षसाचं रक्त. जून 2020 मध्ये ते पाणी खरोखरच गुलाबी झालं. आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं, की पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी त्याला रंग दिला. विज्ञान, भूगोल आणि पुराण एकाच खड्ड्यात उतरलेली असताना आपण वरच्या वर जिल्हा विचारून परत येतो.

तेव्हा यंदाच्या प्रश्नमंजुषेच्या संयोजकांना एक विनंती. निम्मे प्रश्न कमी करा, घंटा काढून घ्या आणि मागच्या खुर्च्यांमध्ये एक माइक ठेवा. शनीला चंद्र किती, हा प्रश्न तर अजिबात घेऊ नका. 2023 साली ते 146 होते, मार्च 2025 मध्ये आणखी 128 चंद्रांना मान्यता मिळून 274 झाले. मामांच्या पुस्तकात 10 आहेत, आणि परीक्षक अजून तेच आहेत.