पर्यावरण चालेल, गाडी पाहिजे

जाहिरात तुम्हीही वाचली असेल. पद : पर्यावरण समन्वयक, जिल्हा नंदुरबार. कोणत्याही शाखेची पदवी, पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. असल्यास प्राधान्य. आणि खाली ठळक अक्षरांत : स्वतःची दुचाकी अनिवार्य.

म्हणजे पर्यावरण असलं तर बरं, नसलं तरी अडत नाही. पेट्रोलला मात्र पर्याय नाही.

त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. पर्यावरण हा विषय पदवीला सगळ्यांच्याच माथी मारलेला. वाणिज्यवाल्यानेही ‘माझ्या गावातील जलप्रदूषण’ हा प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानातून तयार आणून, बाइंडिंग करून दिलेला असतो. तज्ज्ञ घरोघरी आहेत. दुचाकी तशी नाही. ती हप्त्याशिवाय मिळत नाही, हप्ता नोकरीशिवाय फिटत नाही आणि नोकरी दुचाकीशिवाय लागत नाही. मग बाप मिरचीच्या पैशातून एमएच-39 ची एखादी जुनी गाडी घेऊन देतो. पर्यावरणाच्या क्षेत्रात पोराच्या कामी येणारं पहिलं प्रमाणपत्र पीयूसीचं, आणि ते ठरावीक मुदतीने पुन्हा तपासून घ्यावं लागतं. पदवी एकदा मिळाली की पुन्हा कोणी तपासत नाही.

धडगावकडची एखादी मुलगी मुलाखतीला येते. मोह कधी गळायला लागतो, चारोळी कोणत्या उतारावर टिकते, पाड्याखालचा झरा कोणत्या महिन्यात आटतो, हे तिला पुस्तकाआधीपासून ठाऊक.

‘‘गाडी आहे?’’

‘‘भावाची आहे, सर.’’

‘‘चालवता येते?’’

‘‘भाऊ सोडेल.’’

साहेब कागदावर खूण करतात. तिचा झऱ्यांवरचा प्रबंध फाइलीतून बाहेरच येत नाही.

तरी तिला घेतात. भाऊ चालवतो, ताई मागे. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की दोघं मिळून गाडी ढकलतात. नर्मदेकाठच्या, धरणाच्या पाण्याने तोडलेल्या पाड्यांना तर होडीनेच जावं लागतं. तेव्हा ती अनिवार्य दुचाकी काठावर झाडाखाली उभी. होडीवाल्याला रोख द्यावे लागतात, आणि प्रवासभत्त्याच्या नमुन्यात रकाना एकच : ‘दुचाकी, कि.मी.’ ताईने विचारलं, होडी कुठे लिहू? उत्तर आलं, किलोमीटरमध्ये बसवा. तिने नर्मदेच्या पात्रातून अठरा किलोमीटर दुचाकी चालवल्याचं लिहून दिलं. मंजूर झालं! पैसे अर्थात मार्चअखेर; पेट्रोलपंपवाला मार्चची वाट बघतो असा यांचा समज असावा. कोणाच्या डोक्यातून निघतात हो हे नमुने? जी पोरं हे डोंगर पायी चढत लहानाची मोठी झाली, त्यांना जंगल कळतं का एवढं विचारायला कोणाला सवड नाही. पण लायसन्सची झेरॉक्स साक्षांकित हवी, आरसी बुक सोबत हवं, विमा चालू हवा. पोरीचा विमा? ती कंत्राटी आहे, तिला कसला विमा!

अकरा महिन्यांनी करार संपला. लगेच नवी जाहिरात निघाली : कोणत्याही शाखेची पदवी, स्वतःची दुचाकी, क्षेत्रीय कामाचा अनुभव असल्यास प्राधान्य. भाऊ बी.ए. आहे. गाडी त्याच्याच नावावर. आणि अनुभवाचा पुरावा म्हणून अक्षांश-रेखांशासह काढलेले वर्षभराचे फोटो आहेत. प्रत्येक रोपाशेजारी तोच उभा, कारण फोटो ताई काढायची. सोमवारी रुजू होतोय.