दहा टक्क्यांची मुभा

२०१८ साली यूजीसीने वाङ्मयचौर्याचे नियम केले: १० टक्क्यांपर्यंत साम्य माफ, प्रबंधात ६० च्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. तेव्हापासून महाविद्यालयांत संशोधनाला जोर आलाय, समानार्थी शब्दांच्या. ‘शेतकऱ्यांची आर्थिक स्थिती बिकट आहे’ हे वाक्य उचलायचं, ‘कृषकांची वित्तीय अवस्था दुर्धर आहे’ असं करून चिकटवायचं. सॉफ्टवेअर पास करतं, मार्गदर्शक सही करतात. (वाचतात, असं मी म्हटलेलं नाही.) इतिहासाचार्य राजवाडे जुन्या दप्तरांसाठी गावोगाव वणवणले, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले; टक्केवारीचा दाखला मात्र एकालाही जोडला नाही. आता प्रश्नावली गूगल फॉर्मवर, उत्तरं हॉस्टेलच्या मित्रांची आणि निष्कर्ष पहिल्या दिवशीच टाइप केलेला: ‘या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे.’