शून्य आण्याची कोंबडी

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही महागाई जुनी झाली. सिल्वासात सध्या कोंबडी शून्य आण्याला मिळते आणि मसाला दोन हजारांना पडतो. कोंबडीचं नाव उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंद. केंद्र सरकार ती १ जुलै २०२०पासून फुकट करून देतं. आधार क्रमांक घाला, मोबाइलवर आलेला ओटीपी टाका, पॅन आणि धंद्याची माहिती भरा, क्यूआर कोडवालं प्रमाणपत्र हजर. शुल्क नाही, कागद अपलोड करायचा नाही, पुढे नूतनीकरणही नाही. इतकं सोपं काम सरकारी असेलच कसं, असा संशय कुठल्याही अनुभवी नागरिकाला येतो. त्या संशयाच्या भांडवलावर एक अख्खा उद्योग उभा राहिला आहे, आणि त्याला बँकेकडे एक पैसाही मागावा लागलेला नाही.

आमचं गाव उद्योगांचं. करसवलतींच्या काळात इथे सुताचे आणि प्लास्टिकचे कारखाने आले. मोठ्या कारखान्यांना सीए असतो, त्यांना कशाचीच चिंता नाही. चिंता असते ती त्यांच्या आजूबाजूला जगणाऱ्यांना. कुणी कामगारांना डबे पुरवतं, कुणी पॅकिंगचे खोके करतं, कुणी गणवेश शिवतं, कुणी घरी पापड लाटून दुकानांत देतं. यातलं कुणी कर्ज मागायला बँकेत गेलं की काचेपलीकडून दोनच शब्द येतात, "उद्यम लाओ." कुठून आणायचं हे सांगायची प्रथा नाही. मग पापडवाल्या काकू पायरीवर उभ्या राहून भाच्याला म्हणतात, "अरे, तुझ्या फोनमध्ये बघ रे, उद्यम कुठे मिळतं."

भाचा बघतो. वरच्या दोन-चार ओळींवर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असतं, पण प्रायोजक कोण हे विचारायची आपल्याकडे सवय नाही. साइट उघडते. वर तिरंग्याची पट्टी, शेजारी चक्रासारखं काहीतरी, आणि सिंहासारखे दिसणारे, पण कोर्टात 'आम्ही मांजरं आहोत' असं शपथेवर सांगू शकतील असे तीन प्राणी. फॉर्म सरकारी फॉर्मसारखाच. शेवटी हिरवं बटण, त्यावर खोडलेले ₹३,९९९ आणि न खोडलेले ₹१,९९९. खोडलेला आकडा पाहून काकूंना दोन हजार वाचल्याचं समाधान मिळतं. पानाच्या अगदी तळाशी मात्र मुंगीएवढ्या राखाडी अक्षरात स्पष्ट कबुली असते की ही खासगी सल्लागार संस्था आहे, हिचा सरकारशी संबंध नाही, आणि घेतलेले पैसे हे सल्ल्याचे आहेत. तेव्हा या लोकांना खोटारडे म्हणू नका. ते खरंच बोलतात, फक्त फार हळू आवाजात.

पैसे गेले की फोन येतो. "मॅडमजी, उद्यम डिपार्टमेंटसे बोल रहा हूँ. एक ओटीपी आया होगा." काकू ओटीपी सांगतात. पलीकडचा मुलगा सरकारी पोर्टल उघडतो, काकूंनीच भरलेली माहिती तिथे पुन्हा भरतो आणि काही मिनिटांत प्रमाणपत्र पाठवतो. काकूंचं आधार, पॅन, मोबाइल आणि बँकखातं त्याच्याकडे राहतं. ते सल्ल्याच्या रकमेत धरलेलं नसतं. वर्षभराने पुन्हा फोन. "मॅडमजी, आपका उद्यम एक्सपायर हो रहा है." जे आयुष्यात कधी संपतच नाही त्याचं नूतनीकरण विकून दाखवणं ही साधी विक्रीकला नव्हे. आत्म्याच्या अमरत्वावर प्रवचन करणाऱ्यांनाही हे साधलेलं नाही.

आणि खरं सांगायचं तर ग्राहक अगदीच तोट्यात नसतो. सरकारी खिडकीने आजवर कुणाला आपणहून फोन केल्याचं ऐकिवात नाही. इथे दोन हजारांत 'मॅडमजी' मिळतं, 'काम हो जाएगा' मिळतं, आणि झाल्यावर 'काँग्रॅच्युलेशन्स'सुद्धा मिळतं. प्रमाणपत्र फुकटच होतं. दोन हजार गेले ते आपल्याशी कुणीतरी नीट बोलावं यासाठी. सरकारने शुल्क शून्यावर आणलं, पण हा माल ठेवलाच नाही. मग दुसऱ्या कुणी दुकान टाकलं तर दोष कुणाचा?

दुकानं एकाच मालाची नाहीत. पॅन कार्ड १०७ रुपयांत घरी येतं, जीएसटी नोंदणीला शुल्क नाही, छोट्या खाद्यधंद्याच्या नोंदणीला वर्षाला १०० रुपये लागतात, छत्तीस पानी साध्या पासपोर्टला १,५००. या प्रत्येकाच्या दारात कुणी ना कुणी तिरंगा लावून बसलेलं आहे. पासपोर्टच्या बाबतीत तर परराष्ट्र मंत्रालयाला बनावट साइटची नावं जाहीर करावी लागली. जन्मदाखल्याचं प्रकरण आणखी पुढचं. जन्म २१ दिवसांत नोंदवला तर पैसे पडत नाहीत, दाखल्याची पहिली प्रतही फुकट. पण १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्या बाळांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागणार असं ठरल्यावर त्याचा भाव वधारला. तिथले काही दुकानदार मध्यस्थाची दगदगही घेत नाहीत. ते हुबेहूब सरकारी दिसणारा दाखला स्वतःच छापून देतात. बाळ मात्र खरं असतं.

कायदे नाहीत असं कुणी म्हणू नये. राष्ट्रचिन्हं आणि सरकारी नावं धंद्यासाठी वापरू नयेत म्हणून १९५० साली कायदा झाला. मूळ कायद्यातला दंड ५०० रुपयांपर्यंत, म्हणजे आजच्या हिशेबात पाव काकू. २००५च्या राजमुद्रेच्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड आणला, म्हणजे अडीच काकू. म्हणूनच ते तीन प्राणी मांजरांच्या वळणावर गेले. थेट सरकारकडून मिळणाऱ्या दाखल्यांच्या खासगी जाहिराती घ्यायच्या नाहीत, असं गुगलच्या स्वतःच्या नियमांतही लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे, एवढंच.

अमेरिकेतसुद्धा हाच व्यापार चालला. ऑन पॉइंट ग्लोबल नावाच्या कंपनीने वाहन परवान्यांच्या कामासाठी सरकारी वाटतील अशा साइट काढल्या. लोकांनी परवान्याचे म्हणून पैसे भरले आणि हाती आली माहितीपुस्तिकेची पीडीएफ. २०१९मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने खटला भरला, आणि २०२१मध्ये न्यायालयाने दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम परत करायला लावली. आपल्याकडचा मध्यस्थ निदान प्रमाणपत्र तरी हातात देतो. स्वदेशीचा अभिमान बाळगायला एवढं पुरे.

खरं तर आमच्या सिल्वासाच्या प्रदेशाचा इतिहासच चुकीच्या वेळी घडला. १९५४मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी दादरा आणि नगर हवेली पोर्तुगालच्या हातून मोकळी केली. मग दमणहून इथे यायची वाट मिळावी म्हणून पोर्तुगाल १९५५मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १२ एप्रिल १९६०ला निकाल लागला की मुलकी अधिकाऱ्यांना आणि मालाला वाट होती, सैन्याला नव्हती, आणि भारताने आपलं कर्तव्य मोडलेलं नाही. एका वाटेच्या परवानगीला चार वर्षांहून जास्त! तेव्हा साइट असती तर लिस्बनला १,९९९मध्ये पीडीएफ मिळाली असती, वर दरवर्षी नूतनीकरणाचा फोन. पुढे ११ ऑगस्ट १९६१ला के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्यांना एका दिवसापुरतं इथलं पंतप्रधान करून विलीनीकरणाच्या करारावर पंडित नेहरूंसोबत सही करायला बसवलं. आज त्यांना आधी अधिकृत स्वाक्षरीकर्ता म्हणून नोंदणी करावी लागली असती. ओटीपी येईपर्यंत त्यांची कारकीर्द संपली असती आणि आपण अजून 'पेंडिंग' दिसलो असतो.

सरकार हातावर हात ठेवून बसलेलं नाही. उद्यमच्या खऱ्या पोर्टलवर ठळक इशारा आहे की नोंदणी निःशुल्क आहे आणि कुठल्याही खासगी साइटला अधिकार दिलेला नाही. इशारा उत्तम आहे, जागा तेवढी नामी निवडली आहे. जो फसला तो तिथे पोहोचलेला नसतो, आणि जो पोहोचला त्याला इशाऱ्याची गरज नसते. सिल्वासात जिल्हा उद्योग केंद्रही आहे. फॉर्म भरताना अडलेल्याला मदत करणं हे त्याचं काम, आणि त्याचेही पैसे नाहीत. पण त्याची जाहिरात 'प्रायोजित' ओळीत दिसत नाही, त्यामुळे काकूंच्या भाच्याच्या लेखी ते अस्तित्वातच नाही.

तेव्हा काही नम्र सूचना. एक, सरकारी पोर्टलवर ₹३,९९९ खोडून शेजारी 'आज फक्त ₹०' असं लिहावं आणि खाली घड्याळ उलटं पळवावं. दोन, तळाशी राखाडी अक्षरात छापावं, 'ही साइट खासगी नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' तीन, प्रमाणपत्र निघाल्यावर उद्योग केंद्रातून कुणीतरी फोन करून 'अभिनंदन, काकू' म्हणावं.

चौथी सूचना गंभीर आहे, म्हणून ती मान्य होणार नाही. बँकेत 'उद्यम लाओ' म्हणणाऱ्याने त्याच वेळी एक चिठ्ठी हातात द्यावी. तिच्यावर खरा पत्ता, शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन असलेला, आणि खाली एक ओळ मराठीत, एक गुजरातीत, 'याचे पैसे लागत नाहीत.' अशा चिठ्ठ्या छापायला किती खर्च येतो? काहीच नाही. पण छपाई म्हटली की निविदा आली, निविदा म्हटली की पुरवठादाराची ऑनलाइन नोंदणी आली. आणि ती कुठे करायची हे शोधायला संबंधित बाबू फोन उघडतील, तेव्हा सगळ्यात वर एक सुंदर साइट दिसेल. तिरंग्याची पट्टी, हिरवं बटण, फक्त ₹१,९९९.