दोरीबाहेरचा पैलवान

२०२३ च्या एप्रिलमध्ये एका सकाळी आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनच शब्द उमटले : 'बूच गेला.'

बूच म्हणजे माझा चुलतभाऊ. नांदुऱ्याजवळ शेती, वजन एकशे चार किलो आणि रक्तदाब त्या वजनाला शोभेल असा. पाच मिनिटांत अकोल्याच्या आत्याचा रडका फोन आला. मलकापूरचे मामा बनियनवरच गाडीत बसले. एका व्यवहारी जावयानं 'माती किती वाजता?' एवढंच विचारलं. दहाव्या मिनिटाला कोणाच्या तरी लक्षात आलं, की निरोप खुद्द बूचच्याच नंबरवरून आलाय आणि खाली त्यानं रडका चेहराही चिकटवलाय.

गेला होता तो मूळ बुच. न्यूझीलंडचा बुच मिलर, वय ७८. तो आणि ल्यूक विल्यम्स ही कुस्तीतली जोडी साठच्या दशकात जमली आणि तीस-पस्तीस वर्षं टिकली. आधी 'शीपहर्डर्स', म्हणजे मेंढपाळ, या नावानं ते अंगावर काटा येईल अशा रक्तबंबाळ कुस्त्या करत. १९८८ च्या अखेरीस डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कुस्ती-कंपनीत आले, 'बुशव्हॅकर्स' झाले आणि एकदम विदूषकच बनले. दोन्ही हात खाली-वर झुलवत मैदानात यायचं, एकमेकांची डोकी चाटायची आणि वेळ उरला तर कुस्ती करायची. तिथला जोडीचा पट्टा त्यांना कधीच मिळाला नाही. तरी २०१५ मध्ये कंपनीनं त्यांना मानानं 'हॉल ऑफ फेम'मध्ये बसवलं. पट्टा न मिळवता मान मिळवणारी माणसं मला लहानपणापासून जवळची वाटत आली आहेत.

आमच्या बुलडाणा जिल्ह्याचे दोन भाग : घाटावरचा आणि घाटाखालचा. आम्ही घाटावर, बुलडाण्यात, पगारावर जगणारे. मोठेबाबा, म्हणजे बूचचे वडील, घाटाखाली, कापसावर जगणारे. दर दिवाळीला मी घाट उतरून त्यांच्याकडे जायचो. मोठेबाबा तरुणपणी आमदंगली गाजवलेले. कान मोडलेले, मान खांद्यात गेलेली. १९६८ मध्ये दारासिंगनं मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवलं, त्या बातमीचं कात्रण त्यांच्या ट्रंकेत लग्नपत्रिकेच्या वर होतं. यावर मोठ्या आईनं कधी तक्रार केली नाही. लग्नपत्रिका निदान ट्रंकेत आहे, यातच ती समाधानी होती.

एका दिवाळीत भाड्यानं व्हीसीआर आणला. 'दोन पिक्चर आन् एक कुस्तीची,' असं मोठेबाबांनी दुकानदाराला बजावलं होतं. त्यांना अपेक्षा दारासिंगची. निघाली १९९१ ची 'रॉयल रंबल'.

या खेळात तीस जण एकामागून एक आत येतात. वरच्या दोरीवरून जो बाहेर फेकला गेला तो बाद. ल्यूक हात झुलवत आला, हात झुलवत आत शिरला. अर्थक्वेक नावाच्या डोंगरानं त्याला उचललं आणि पलीकडे टाकलं. एकूण चार सेकंद. आणि ल्यूक? तो जमिनीवर उतरला आणि त्याच लयीत हात झुलवत आल्या वाटेनं निघून गेला. जणू त्याला एवढंच काम होतं. आम्ही दोघे चुलतभाऊ हसून हसून लोळलो. ती चार सेकंदं इतक्या वेळा मागे-पुढे केली, की कॅसेटला तिथं मुरडा पडला.

मोठेबाबा मात्र हादरले. "नुरा कुस्ती हाये बे हे! ठरवून पडते लेकाचा." त्याहून त्यांना खटकली ती जोडीची कुस्ती. त्याच कॅसेटमध्ये रॉकर्स नावाच्या दोन देखण्या पोरांची ओरिएंट एक्स्प्रेसशी लढत होती. एक रॉकर मार खात होता, दुसरा बाहेर उभा राहून हात पुढे करत होता.

"हा काहून बाहेर उभा हाये?"

"तो त्याचा जोडीदार आहे मोठेबाबा."

"जोड म्हंजे समोरचा ना बे! हा तं संगं उभा हाये!"

त्यांचं चूक नव्हतं. आपल्या मातीत 'जोड' म्हणजे ज्याच्याशी भिडायचं तो. वस्ताद वजन बघतात, उंची बघतात, हात हातात देतात आणि म्हणतात, जोड लागली. मग हलगी कडाडते आणि ती जोड एकमेकांना आस्मान दाखवायच्या मागे लागते. फार तर पंचांनी बरोबरीत सोडवली तर इनाम निम्मं-निम्मं. महाराष्ट्र केसरीची गदासुद्धा एकाच खांद्याच्या मापाची. दोघांनी मिळून तिसऱ्या-चौथ्याला धरायचं, याला मोठेबाबांच्या कोशात कुस्ती नव्हे, 'भांडन' असा शब्द होता.

मला मात्र हा प्रकार फार पटला. चारातले दोघे लढतात, दोघे दोरीबाहेर. कोपऱ्याच्या खांबाला एक आखूड दोरी बांधलेली असते. ती एका हातानं धरायची आणि दुसरा हात आत लांबवायचा. आतल्यानं टाळी दिली की तुम्ही आत, तो बाहेर. दोघेही आत सापडले तर पंच पाच आकडे मोजतो, तेवढ्यात एकानं निघायचं. म्हणजे निम्मा वेळ न लढताही पैलवान राहायची सोय. माझ्या छातीचा घेर बघता याहून सोयीचा खेळ माणसानं शोधलेला नाही.

वर्षभरात केबल आली. पुढच्या दिवाळीपर्यंत आमचं बारसं झालं होतं. तो बुच, मी ल्यूक. बुच हे नाव मोठ्या आईनं "कायचं बूच? तेलाच्या शिशीचं?" असं विचारून दीर्घ केलं, आणि त्याच्या बांध्याकडे बघून गावानं ते मान्य केलं. ल्यूकचं गावानं 'लुकड्या' केलं. दोन्ही नावं अजून टिकून आहेत. आमच्या खऱ्या नावांनी फक्त बँक हाक मारते.

मैदान घरातच होतं. भाव वाढेल या आशेवर वेचणीचा कापूस घरात भरून ठेवलेला असे. पुढची खोली कमरेइतकी पांढरी. कोपऱ्यात खुंटीला गोऱ्ह्याचं दावं बांधलं, ती आमची दोरी. धाकटी बहीण थाळी-चमचा घेऊन पंच झाली. प्रेक्षक सात, तिकीट एक चकली. चकल्या घेतल्या म्हणजे व्यावसायिक कुस्तीच ती. समोर शेजारचे दोघे सख्खे भाऊ.

सुरुवातीलाच बूचनं रिवाजाप्रमाणे माझं डोकं चाटलं. मोठ्या आईनं सकाळी अभ्यंगाचं तेल चोपडलं होतं, वर उटणं. "कडू लागते बे," असं म्हणून तो थुंकायला बाहेर गेला, आणि तेवढ्यात मला एकट्याला आत जावं लागलं. ल्यूकच्या चार सेकंदांशी बरोबरी मी एका सेकंदानं हुकवली. मग बूच परतला, माळ्यावर चढला आणि कापसात उडी मारून त्यानं दोन्ही भावांना एकदम गाडलं. पंचांनी चमचा टाकून टाळ्या वाजवल्या. आमच्या कारकिर्दीतला हा पहिला विजय. शेवटचाही हाच.

रात्री अंगाला खाज सुटली. साठवलेला कापूस कसा खाजतो हे ज्यानं भोगलं त्यालाच कळेल. आम्ही एकमेकांची पाठ खाजवत बसलो. बुशव्हॅकर्सनंही इतकी जवळीक दाखवली नसेल. पण खरी कुस्ती पुढेच होती.

तेव्हा राज्यात १९७२ पासूनची एकाधिकार कापूस खरेदी योजना चालू होती. कापूस सरकारच्या केंद्रावरच न्यायचा, रात्र-रात्र गाड्यांच्या रांगेत काढायची आणि मग ग्रेडर नावाच्या दैवतासमोर उभं राहायचं. कापसात किती पाला, किती कवडी, किती ओल, त्यावर तो प्रत ठरवणार आणि प्रतीवर भाव. मोठेबाबांच्या गाडीत ग्रेडरनं हात घातला. पाला निघाला नाही. कवडी निघाली नाही. निघाली ती बूचची दिवाळीतली नवी चप्पल. डाव्या पायाची.

भाव किती पडला ते आम्हाला कधी सांगितलं नाही. मोठेबाबा घरी आले, अंगणातून उजव्या पायाची चप्पल उचलली आणि जोड लावली. बूच आत, मी दाराच्या चौकटीत, हातात खुंटीचं दावं. कसं कोण जाणे, सगळं नियमाप्रमाणेच जमून आलं होतं. तीन-चार फटके खाऊन बूच गुडघ्यांवर रांगत माझ्या दिशेनं आला आणि त्यानं हात लांबवला. "टॅग!"

टाळी द्यायला माझा हात वर गेला होता. मग मी उजव्या पायाची चप्पल बघितली. आणि हात मागे घेतला.

मोठेबाबाही क्षणभर थांबले. मग उरलेले फटके त्यांनी बूचलाच दिले, पण मन नव्हतं त्यात.

कॅसेटमधल्या त्या देखण्या रॉकर्सचं पुढे काय झालं हे मला नंतर कळलं. १९९२ च्या जानेवारीत दाखवलेल्या भागात शॉन मायकल्सनं आपल्याच जोडीदाराला, मार्टी जॅनेटीला, न्हाव्याच्या दुकानाच्या काचेतून आरपार फेकलं. जोडीदाराला दगा देणारा हा शॉन १९९६ मध्ये विश्वविजेता झाला. मी या उदाहरणाकडे मोठ्या आशेनं बघत होतो. पण दगा देऊन मी पोचलो तो बुलडाण्याच्या एका कचेरीतल्या कारकुनाच्या खुर्चीपर्यंत.

बूचनं माफ केलं, पण विसरला नाही. माझ्या लग्नात त्यानं आहेराच्या पाकिटावर लिहिलं : 'हात मांगं घेणाऱ्यास.' माझ्या मुलाच्या बारशाला पाळण्यापाशी वाकून म्हणाला, "बापाले टाळी देजो नको बावा."

गेल्या पावसाळ्यात मोठेबाबांना खामगावच्या दवाखान्यात ठेवलं. बूच तीन रात्री उशाशी बसून होता. चौथ्या दिवशी मी बुलडाण्याहून संध्याकाळची एसटी धरली. गाडी बोथ्याच्या घाटात शिरली. २०१९ मध्ये याच ज्ञानगंगेच्या जंगलात यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ चालत आला होता, शेकडो कोस, वाटेत तेलंगणही फिरून. वन खात्यानं गळ्यात पट्टा बांधलेला, कागदोपत्री नाव टी१सी१. त्याला जोडीदारीण आणून द्यावी का, यावर साहेब लोकांचा खल चालला. कोणी आली नाही, आणि पुढे तो निघून गेला. गळ्यात पट्टा, पण जोडी नाही. घाट उतरेपर्यंत मला त्याचं फार वाईट वाटत राहिलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बूच भिंतीला टेकून उभा होता. डोळे लाल, दाढी वाढलेली. मला बघून काही बोलला नाही. फक्त हात पुढे केला.

मी टाळी दिली. एवढी जोरात, की नर्सबाईंनी दारातून डोकं काढलं.

बूचनं सलाईनचा कागद माझ्या खिशात कोंबला, दोन्ही हात खाली-वर झुलवले आणि त्या लांबलचक व्हरांड्यातून एकशे चार किलोंनिशी डुलत डुलत जिन्याकडे गेला. एकदाही मागे न बघता.

मी आत जाऊन स्टुलावर बसलो. मोठेबाबांनी एक डोळा उघडला.

"बूच कोठी गेला?"

"झोपायला गेला. आता मी आहे."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पार पायांपर्यंत.

"चपला बाहेर काढल्या ना बे?"