नमनाला घडाभर तेल

महिन्याभरात कादंबरीचा खर्डा लिहिण्याची तयारी हा कादंबरीपेक्षा वेगळा आणि तिच्याहून कितीतरी लोकप्रिय असा साहित्यप्रकार आहे. कादंबरी थोडेच जण पुरी करतात. तयारी जवळजवळ सगळेच.

या प्रकाराचा जन्म अमेरिकेतला. सॅन फ्रान्सिस्को परिसरात राहणाऱ्या ख्रिस बेटी या तरुणाने जुलै १९९९ मध्ये मित्रमंडळी जमवली आणि एकवीस जणांनी एका महिन्यात एकेक कादंबरी लिहायचे ठरवले. कादंबरी म्हणजे किती, हा प्रश्न समीक्षकांना पिढ्यान्‌पिढ्या सुटलेला नाही; बेटीने तो कपाटाजवळ उभे राहून सोडवला. घरातली सर्वांत सडपातळ कादंबरी म्हणून त्याने ऑल्डस हक्स्लीची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ उचलली आणि तिच्या अंदाजाने ५०,००० शब्दांचा आकडा मुक्रर केला. दुसऱ्या वर्षी उपक्रम नोव्हेंबरात गेला, कारण त्या महिन्यात हवा वाईट असते आणि घरात बसल्याने काही बुडत नाही. ‘नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ’ हे त्याचे पूर्ण नाव, ‘नॅनोरायमो’ हे लाडाचे. पुढे सहभागींची संख्या लाखांत गेली.

हिशेब सरळ आहे. ५०,००० भागिले ३०, म्हणजे रोज १,६६७ शब्द. हा हिशेब इंग्रजीचा आहे आणि मराठी माणसाने तो जसाच्या तसा उचलला तर तो फसतो. ‘टेबलाखालच्या खोक्यातून’ हे मराठीत दोन शब्दांत आटोपते. इंग्रजीत तेवढ्यासाठी सहा शब्द जमेला पडतात. विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटवण्याची मराठीची जुनी खोड इथे महागात पडते. मात्र नुकसानभरपाईची सोयही भाषेनेच करून ठेवली आहे. ‘तो आला’ हे दोनच शब्द. पंचनाम्याच्या मराठीत तेच ‘सदर इसम या ठिकाणी दाखल झाला असल्याचे निदर्शनास आले आहे’ असे लिहिले की दहा होतात. या शैलीत नायकाला जिना चढवायला सबंध सोमवार पुरतो.

तयारीचा महिना ऑक्टोबर. त्याला ‘प्रेपटोबर’ असे नावही मिळाले आहे. तयारी करणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. सगळे आधी आखून घेणारे ते ‘प्लॅनर’ आणि काहीही न ठरवता उडी मारणारे ते ‘पॅन्ट्सर’. दोन्हींत पाय ठेवणाऱ्यांना ‘प्लॅन्ट्सर’ म्हणतात. आपण नेमके कोणत्या पंथात बसतो हे ठरवण्यात ऑक्टोबरचा पहिला आठवडा चांगला जातो.

दुसरा आठवडा साहित्याचा, म्हणजे लेखनसाहित्याचा. वही रेघांची, कोरी की ठिपक्यांची, याचा निकाल दुकानात लागत नाही, म्हणून तिन्ही घरी येतात. पहिल्या पानावर काही लिहून वही खराब करू नये असे वाटते, म्हणून तिच्यात दुसऱ्या पानापासून याद्या सुरू होतात. ‘स्क्रिव्हनर’ हे लेखनाचे सॉफ्टवेअर उतरवले जाते आणि ते कसे वापरावे याचे व्हिडिओ बघितले जातात. त्यात प्रत्येक प्रकरणाला वेगळा रंग देता येतो. प्रकरण लिहिलेले नसले तरी रंग देता येतो, हे विशेष.

मग आराखडा. रँडी इंगरमनसन या भौतिकशास्त्रज्ञाची ‘स्नोफ्लेक’ पद्धत यात फार चालते: आधी कादंबरी एका वाक्यात सांगायची, वाक्याचा परिच्छेद करायचा, परिच्छेदाचे पान, आणि असे वाढवत न्यायचे. पद्धत चोख आहे. अडचण एवढीच, की ते पहिले वाक्य घासूनपुसून सुबक होईतो ऑक्टोबरची वीस तारीख उलटलेली असते.

पात्रांच्या प्रश्नावल्या हा तयारीतला सर्वांत रसाळ भाग. नायिकेचा आवडता रंग कोणता, तिला कशाची भीती वाटते, तिच्या फ्रिजमध्ये आत्ता काय आहे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला तयारी करणारा उठतो, स्वतःचा फ्रिज उघडतो, कालच्या आमटीचे भांडे, अर्धे लिंबू आणि झाकण हरवलेला जॅम बघतो आणि ते सगळे नायिकेच्या नावावर लिहून टाकतो. पुढे कादंबरीत ती फ्रिज उघडतच नाही. आणखी चारदोन दिवस अर्पणपत्रिकेला आणि सिनेमा झाला तर नायक कोण, या चर्चेला लागतात. बाजारात तुरी म्हणतात ती हीच अवस्था.

३१ ऑक्टोबरला हॅलोविन. उरलेली चॉकलेटे टेबलावर, घड्याळात बारा, आणि लेखनाला प्रारंभ. नोव्हेंबरबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पहिला आठवडा धडाक्यात जातो, दुसऱ्यात दम लागतो आणि चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचे पाहुणे येतात. कॅफेत जमून घड्याळ लावून शब्द मोजण्याच्या शर्यती होतात. जिलब्या पाडणे हा मराठी वाक्प्रचार तिथे कुणाला ठाऊक नाही, कृती मात्र पाठ आहे. ५०,००० गाठणारा प्रत्येक जण विजेता. बरीच वर्षे ही मोजणी संकेतस्थळावरचे यंत्र करी. ते शब्द मोजत असे, वाचत नसे. या बाबतीत ते काही परीक्षकांपेक्षा प्रामाणिक म्हणावे लागेल.

यातून चांगले काही निघाले नाही असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. सेरा ग्रूएनची ‘वॉटर फॉर एलिफंट्स’ आणि एरिन मॉर्गनस्टर्नची ‘द नाइट सर्कस’ यांची सुरुवात याच महिन्यातल्या खर्ड्यांपासून झाली. पण मॉर्गनस्टर्नच्या खर्ड्यात काहीच घडेना, म्हणून कंटाळून तिने पात्रांना सर्कशीत पाठवले आणि कादंबरी तिथे सापडली. ती सर्कस कोणत्याही आराखड्यात नव्हती. त्यानंतर तिने त्यावर काही वर्षे घालवली.

मराठीत भालचंद्र नेमाड्यांनी १९६३ साली, पंचविशीत, ‘कोसला’ तीनेक आठवड्यांत लिहून काढली. ती करायला हाताशी पंचवीस वर्षांचे जगणे होते, ठिपक्यांची वही होती असे कुठे नमूद नाही. हेच नेमाडे ‘हिंदू’ घेऊन वाचकांपुढे आले ते २०१० मध्ये.

तयारीच्या दृष्टीने सर्वांत बेजबाबदार उदाहरण मात्र रशियातले. कर्जात बुडालेल्या दस्तयेव्हस्कीने स्टेलोव्हस्की नावाच्या प्रकाशकाशी करार केला होता: १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी द्यायची, नाहीतर पुढची नऊ वर्षे त्याचे सगळे लेखन प्रकाशक फुकट छापणार. ऑक्टोबर उजाडला तेव्हा एक ओळ तयार नव्हती. दस्तयेव्हस्कीने ऑक्टोबर तयारीत घालवायचे सोडून लेखनात घालवला. ॲना स्निटकिना ही वीस वर्षांची लघुलेखिका बोलावली आणि २६ दिवसांत ‘जुगारी’ सांगून पुरी केली. पुढच्या फेब्रुवारीत त्याने तिच्याशी लग्न केले.

नॅनोरायमो चालवणाऱ्या संस्थेने मार्च २०२५ मध्ये आपण बंद होत असल्याचे जाहीर केले. नोव्हेंबर चालू आहे, आणि वह्यांची दुकानेही. स्टेलोव्हस्कीबद्दल सांगायचे राहिले. मुदतीच्या दिवशी हस्तलिखित घ्यावे लागू नये म्हणून तो गावाबाहेर निघून गेला होता. दस्तयेव्हस्कीने ते पोलीस ठाण्यात जमा केले आणि पावती घेतली.