खर्जाचे ओझे

वाद्यवृंदात ज्याच्याकडे श्रोत्यांपैकी कोणीही पाहत नाही, ज्याच्या गिटारीला चारच तारा का, अशी चौकशी लग्नघरातील वडीलधारी मंडळी काहीशा अनुकंपेने करतात, आणि ज्याने हात थांबविला तरच सभागृहाला काहीतरी उणे झाल्याची अस्पष्ट जाणीव होते, तो बेस गिटारवाला चाळिशीच्या सुमारास एका विशिष्ट व्याधीने ग्रस्त होतो. व्याधीचे मूळ कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या दरम्यान असते खरे, परंतु तिची लक्षणे बुद्धीत प्रकट होतात. ‘यापुढे जड उचलायचे नाही’ असा हुकूम अस्थितज्ज्ञाने फर्मावला, की त्याच रात्री तो कागद-पेन्सिल घेऊन बसतो आणि जगातील तमाम बेस स्पीकरांच्या पेट्यांची वजने उतरवून काढू लागतो. वादन सोडून द्यावे, हा विचार त्याच्या मनास शिवत नाही. हमाल लावावा हा विचार शिवतो, पण बिदागीचा आकडा आठवताच ती तजवीज तत्काळ रद्द होते.

वास्तविक या वाद्याचा जन्मच ओझे हलके करण्याच्या सद्हेतूने झाला. १९५१ साली कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी पुरुषभर उंचीच्या डबल बेसचा खर्ज गळ्यात अडकविता येईल अशा लाकडी फळीत आणून बसविला, तेव्हा त्या अगडबंब वाद्यासह गावोगाव हिंडणाऱ्या वादकांना केवढे हायसे वाटले असेल! पण वाद्यातून हद्दपार झालेले वजन नष्ट झाले नाही. ते ध्वनिवर्धकाच्या मुलखात जाऊन स्थायिक झाले आणि तेथे त्याची भरभराट झाली. १९६९ साली अँपेग कंपनीने तीनशे वॉटचा एसव्हीटी अँप काढला. त्याच्या जोडीची, दहा इंची आठ स्पीकरांची पेटी साठ किलोंच्या वर भरे, आणि तिच्या मस्तकावर आरूढ होणारा व्हॉल्व्हचा अँपही पस्तीस किलोंच्या खाली नव्हता. त्या पेटीला जगभरचे वादक ‘फ्रिज’ म्हणतात, आणि ते म्हणताना त्यांच्या स्वरात तक्रारीपेक्षा अभिमानच अधिक असतो.

आमच्या मुंबईच्या बेसवाल्यांचे तारुण्य मात्र असल्या विलायती वैभवात गेले नाही. लॅमिंग्टन रोडवरून पंधरा इंची स्पीकर आणावा, ओळखीच्या सुताराकडून पाऊण इंची प्लायची पेटी करवून घ्यावी, आणि कपाट व पेटी यांत फारसा भेद न मानणाऱ्या त्या कारागिराने जे काही उभे केले असेल ते चार मित्रांनी मिळून लोकलच्या लगेजच्या डब्यात चढवावे, असा तो काळ. पेटीचे वजन किती हे कोणास ठाऊक नसे, कारण विचारण्याचे कारणच पडत नसे. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवीत, हे आदराने सांगणारे हे तरुण तिसऱ्या मजल्यावरील तालमीच्या खोलीपर्यंत ती पेटी नेताना प्रत्येक जिन्यावर तिची दिशा बदलण्याविषयी जो वादविवाद करीत, तो त्यांच्या वादनापेक्षा शेजाऱ्यांच्या अधिक स्मरणात राहिला आहे.

आता मित्र पांगले, लोकलची जागा भाड्याच्या गाडीने घेतली, आणि त्या गाडीच्या डिकीत सीएनजीची टाकी आधीच पथारी पसरून बसलेली. सोसायटीच्या लिफ्टमध्ये ‘सामान नेण्यास सक्त मनाई’ अशी पाटी. अशा परिस्थितीने गांजलेला मनुष्य हलक्या पेटीच्या शोधास लागला तर त्यात त्याचा दोष नाही. मात्र या शोधात त्यास जो आनंद सापडतो, तो पाहता पेटी कधी काळी विकत घेतली जाईल ही आशा घरच्यांनी न बाळगलेलीच बरी.

वाद्यांच्या दुकानात बेसवाल्यास ओळखणे सोपे आहे. इतर गिऱ्हाइके वाद्य आधी वाजवून पाहतात. हा आधी उचलून पाहतो. एका हाताने पेटी उचलून दरवाजापर्यंत जातो, परत येतो, हात बदलून पुन्हा दरवाजापर्यंत जातो, आणि दुकानातील नोकर अस्वस्थ होऊन त्याच्यामागे दोन पावले चालू लागला की समाधानाने पेटी खाली ठेवून तिच्या पाठीवर बोटाच्या पेराने टकटक करतो. ‘पॉप्लर,’ तो म्हणतो. बर्च प्लाय जड पण टणक, पॉप्लर हलके; परंतु भिंत पातळ केली की ती स्वतःच गाऊ लागते, म्हणून आतून आडवे आधार ठोकावे लागतात, आणि आधार ठोकले की वजन पुन्हा वाढते, हा सिद्धान्त तो नोकराला समजावून देतो. नोकराने किंमत सांगितली की ते व्याख्यान तहकूब होते.

चुंबकांविषयी तर त्याचे ज्ञान अगाध. निओडिमियमचे चुंबक १९८२ च्या सुमारास जपानात आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे तयार झाले, ते जुन्या फेराइटच्या मानाने कितीतरी बलवान असल्यामुळे स्पीकरामागचा दगडासारखा गोळा मूठभर झाला, ही हकीकत तो भक्तिभावाने सांगतो. २०११ साली चीनने दुर्मीळ मृदांच्या निर्यातीवर आवळलेल्या पाशामुळे या चुंबकांचे भाव भडकले, तेव्हा चीनच्या व्यापारनीतीची फिकीर करणारा आमच्या इमारतीतील एकमेव रहिवासी हाच होता, आणि त्याची फिकीर सर्वस्वी मणक्यापुरती होती.

परंतु या सर्व विद्येचा मुकुटमणी म्हणजे हॉफमन यांचा ‘लोहनियम’. केएलएच या अमेरिकन कंपनीच्या नावातील शेवटचे अक्षर ज्यांचे, ते हे हॉफमन. पेटी लहान हवी, खर्ज खोल हवा, आणि थोड्या वॉटांत मोठा आवाज हवा, या तीन मागण्यांपैकी कोणत्याही दोन मंजूर होतील, तिसरी नामंजूर, असे त्यांचे म्हणणे. कारण उघड आहे: चार तारांच्या बेसचा सर्वांत खालचा सूर सेकंदाला एक्केचाळीस कंपनांचा, पाच तारांचा तर एकतीसच्याही आत, त्या मंद कंपनांनी हवा हलवायची म्हणजे पडदा मोठा हवा, नाहीतर त्याला लांबवर आत-बाहेर धावायला लावणारी शक्ती हवी. हा नियम वाचल्यापासून बेसवाल्यास सृष्टीतील सर्व व्यवहार त्रिपदी दिसू लागले. ड्रमवाला वेळेवर येणारा, लय सांभाळणारा आणि शनिवारी मोकळा असा मिळत नाही. दोन गुणांवर समाधान मानावे, असा निकाल तो देतो. त्यांचा सध्याचा ड्रमवाला शनिवारी मोकळा असतो.

वॉटांच्या बाबतीत त्याची गृहखात्याशी झालेली चकमक उल्लेखनीय आहे. अडीचशे वॉटांचा अँप जाऊन पाचशे वॉटांचा आला, तेव्हा आवाज दुप्पट होणार, असे कारण खर्चाच्या मंजुरीसाठी पुढे करण्यात आले होते. पुढे शेजाऱ्यांनी फिर्याद केली, तेव्हा याच गृहस्थाने शपथपूर्वक सांगितले की शक्ती दुप्पट केल्याने आवाज केवळ तीन डेसिबलांनी वाढतो, तो कानाला जेमतेम जाणवतो, आणि दुप्पट भासण्यासाठी दहा डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागेल. शास्त्रदृष्ट्या हे निर्विवाद सत्य होते. पत्नीने ते ऐकून घेतले आणि अँपची पावती पाहावयास मागितली.

यथावकाश पेटी आली. बारा इंची एक स्पीकर, पंधरा किलोंच्या आत वजन, वर पकडायला एकच मूठ. तिने पहिल्याच तालमीत समाधानकारक काम केले, आणि त्यात नवल नाही. कारण अशा पेटीतून सर्वांत खालच्या सुराचे मूळ कंपन क्षीणच निघते, पण त्याच्या दुपटी-तिपटीचे स्वरांश पुरेसे आले की गळालेला पाया आपला कानच भरून काढतो. तंबोऱ्याचा खर्ज ऐकून वाढलेल्या कानाला हे नवे नाही. पण बेसवाल्याच्या मनाला ही तोतयेगिरी रुचेना. शिवाय आणखी एक शल्य होते, जे त्याने उघडपणे मांडले नाही, तरी मला स्पष्ट दिसले: फ्रिजच्या पुढ्यात उभा असलेला मनुष्य बेस वाजवितो, हे आंधळ्यालाही कळते, गुडघाभर पेटीपुढे उभा असलेला मनुष्य कोणाची तरी वाट पाहत असावा असे वाटते.

म्हणून तशीच दुसरी पेटी आली. युक्तिवाद बिनतोड होता. प्रत्येक पेटी आठ ओहमची. दोन समांतर जोडल्या की चार ओहम होतात, अँप आपली पूर्ण शक्ती देतो, आणि एकीवर एक ठेवल्या की वरची कानाशी येते. तालमीला एक न्यावी, कार्यक्रमाला दोन. दोहोंचे एकत्रित वजन सुताराच्या जुन्या पेटीच्या आसपास जाते, हे मी निदर्शनास आणले. त्यावर, आता भार दोन्ही हातांत समान विभागला जातो, असे उत्तर मिळाले. गिटार पाठीवर, अँपची पिशवी गळ्यात आणि दोन्ही हातांत पेट्या अशा थाटात तो गाडीतून उतरतो, तेव्हा फक्त दार लोटायला कोणीतरी लागते. ते काम बहुधा माझ्याकडे असते.

कार्यक्रमाच्या स्थळी निराळाच प्रकार घडतो. तेथील साऊंडवाला गिटारीची तार डीआय बॉक्सात खुपसतो, तिथून सूर थेट सभागृहाच्या मोठ्या स्पीकरांत जातो, आणि श्रोत्यांना जो खर्ज ऐकू येतो त्याच्याशी या पेट्यांचा तिळमात्र संबंध उरत नाही. त्या केवळ वादकाच्या स्वतःच्या कानासाठी असतात. आणि ध्वनिचाचणी सुरू होऊन दोन मिनिटे होतात न होतात तोच साऊंडवाला मागून ओरडतो, ‘बेस, स्टेजवरचा आवाज कमी करा!’ एवढ्या विद्याव्यासंगाने जमविलेल्या पेट्या मग कुजबुजत्या आवाजात कार्यक्रम पार पाडतात. तरीही बेसवाला त्या आणल्यावाचून राहत नाही. डीआयवर विसंबून रिकाम्या हाताने जाणे त्याला वादक म्हणून गैरहजर राहण्यासारखे वाटते, आणि या एका मुद्द्यावर मी त्याच्याशी वाद घालीत नाही.

खरी गुंतागुंत पुढे झाली. पेट्या हलक्या असल्याची वार्ता वाद्यवृंदात पसरली, तेव्हा ‘तुमचे तर काय, हलकेच आहे’ या प्रस्तावनेसह ड्रमवाल्याने आपल्या लोखंडी स्टँडांची भली मोठी बॅग त्याच्या हवाली केली, आणि कीबोर्डवाल्याने आपला स्टँड त्यावर ठेवला. ती बॅग, माझ्या अंदाजाने, सुताराच्या पेटीहून जड आहे. बेसवाल्याने नकार दिला नाही. त्याने ती एकदा उचलून पाहिली, दरवाजापर्यंत नेली, हात बदलून परत आणली, आणि सध्या त्याच्या वहीत ॲल्युमिनियमच्या झांजस्टँडांची वजने ग्रॅमांपर्यंत नोंदली जात आहेत.