वारा कुठून होता?

विस्कॉन्सिनात नोव्हेंबर लागला की भले भले लोक आभाळाकडे आपल्या शेतकऱ्यासारखे बघू लागतात. बंदुकीनं हरीण मारायचा मुख्य हंगाम अवघा नऊ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होणारा. तेवढ्यात हवेनं दगा दिला की वर्ष गेलं.

माझ्या शेजाऱ्याला हरणाच्या मनातलं सगळं कळतं. गार वारं सुटलं की ती चरायला निघतात. हवेचा दाब चढला की जास्तच. ऊन तापलं तर मात्र दिवसा हलत नाहीत, कारण अंगावर पोकळ केसांचा हिवाळी कोट चढलेला असतो. हे शेवटचं मला पटतं. पहाटे पुण्यात स्वेटर चढवून निघालेला माणूस दादरला उतरताना मी पाहिलेला आहे.

खरी भक्ती वाऱ्याची. तो हरणाकडून आपल्याकडे यायला हवा, नाहीतर त्या नाकापुढे काही चालत नाही. म्हणून कपडे बिनवासाच्या साबणानं धुवायचे आणि चिमूटभर पूड उडवून वाऱ्याची दिशा बघायची. ऊन चढलं की हवा उतारावरून वर सरकते, संध्याकाळी गार होऊन खाली उतरते. तेव्हा सकाळी टेकडीच्या वरच्या अंगाला बसायचं, संध्याकाळी खालच्या. एवढा अभ्यास शाळेत केला असता तर, असं त्याची बायको म्हणते.

हरणांचा माज मात्र थंडीसाठी थांबत नाही. तो दिवस किती लहान झाला यावर ठरतो. उकाड्यातही नर माद्यांमागे धावतातच, फक्त रात्री जास्त.

मला वाटतं, हवेचा सर्वांत मोठा परिणाम शिकाऱ्यावर होतो. पाऊस लागला, थर्मास संपला, की तो मचाणावरून उतरून गाडीत हीटर लावून बसतो. माणसं जंगलात हिंडेनाशी झाली की हरणांना तरी कोण उठवणार? हंगाम संपल्यावर आकडा घसरला, की बोल हवेला.

एकदा पहाटे मी शेजाऱ्याला मावळतीकडे कललेला ओरायन दाखवला. म्हटलं, तुम्हाला इथे शिकारी दिसतो, आम्हाला मृग. सूर्य त्या नक्षत्रात शिरला की आमच्याकडे पावसाची वाट बघतात. ते ओळीतले तीन तारे म्हणजे त्याला लागलेला बाण, आणि पलीकडे लखलखतोय तो व्याध, बाण मारणारा.

त्यानं बराच वेळ निरखून पाहिलं.

"एवढ्या उघड्यावर? वारा कुठून होता?"